पटावरून पाठात

या जाहीरनाम्यानं आम्ही महाराष्ट्रातल्या प्रत्येक शाळेपुढे एकच प्रश्न ठेवत आहोत. आज दुसऱ्या तासाला या मुलानं काय केलं?

कुठलं मूल, ते शाळेला ठाऊक आहे. हजेरीपटावर त्याचं नाव आहे, युडायस या सरकारी शालेय माहितीनोंदीत त्याच्या दिव्यांगत्वाचा प्रकार भरलेला आहे, साहित्यवाटपाच्या शिबिरात त्याचा फोटोही निघाला आहे. पण बाई फळ्यावर हातच्याची बेरीज शिकवत होत्या तेव्हा ते काय करत होतं, हे विचारलं की बहुतेक शाळांत एकच उत्तर येतं: "बसलं होतं. काही त्रास देत नाही." या उत्तरावर यापुढे समाधान मानायचं नाही, असं ठरवून आम्ही एकत्र आलो आहोत.

आमच्यात आईवडील आहेत. जिल्हा परिषदेच्या शाळांतले शिक्षक आहेत, गावोगाव फिरणारे विशेष शिक्षक आहेत. आणि अशा वर्गांतून शिकून, किंवा काहीच न शिकता, बाहेर पडलेली मोठी माणसं आहेत. या शेवटच्यांचं म्हणणं आमच्याकडे सगळ्यात आधी ऐकलं जाईल, कारण मागच्या बाकावरून वर्ग कसा दिसतो हे त्यांच्याइतकं दुसऱ्या कोणालाच माहीत नाही.

कायद्याविषयी आमची तक्रार थोडी आहे. अपंग मुलांना शक्य तिथे नेहमीच्या शाळेतच शिकवावं, असं कोठारी आयोगानं १९६६ साली सांगितलं. १९७४ साली केंद्र सरकारनं त्यासाठी योजना काढली. २००९ साली शिक्षणहक्काचा कायदा आला. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यानं दिव्यांगत्वाचे २१ प्रकार मान्य केले आणि लक्षणीय दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वर्षांच्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिकण्याचा हक्क दिला. हे मिळवण्यासाठी ज्यांनी उभं आयुष्य घातलं त्यांचे आम्ही ऋणी आहोत. पण कायद्याचा हात शाळेच्या दारापर्यंत पोचतो. दारातून बाकापर्यंत आणि बाकापासून पाठापर्यंत मुलाला शिक्षकच नेतो. त्या शिक्षकाच्या हाती आपण काय दिलं, याचा हिशेब अजून कोणी मांडलेला नाही. तो आम्ही मांडणार आहोत.

कानापासून सुरुवात करू. श्रवणयंत्र लावलं की मुलाला ऐकू येतं, असा समज गावापासून मंत्रालयापर्यंत पसरलेला आहे. श्रवणयंत्र सगळेच आवाज मोठे करतं. बाईंचा आवाज मोठा होतो, तसाच बाक सरकल्याचा, शेजारच्या वर्गातल्या पाढ्यांचा आणि पत्र्यावर पडणाऱ्या पावसाचाही होतो. बोलणारी व्यक्ती एक-दीड मीटरच्या आत असेल तर यंत्राचा खरा उपयोग. त्यापुढे शब्द गोंगाटात विरघळायला लागतात. ज्या कर्णबधिर मुलीला तिसऱ्या रांगेत बसवलं आहे, तिच्या कानात यंत्र असूनही तिच्यापर्यंत पाठ पोचत नाही. त्यात बाई फळ्याकडे तोंड करून बोलल्या तर तिच्यासाठी तास तिथेच संपतो, कारण ती अर्धं कानानं आणि अर्धं ओठांवरून ऐकते. खिडकी बाईंच्या पाठीशी असेल तर चेहरा अंधारात जातो आणि ओठही दिसत नाहीत.

यातलं काय महाग आहे? बसण्याची जागा बदलायला पैसे लागत नाहीत. आधी लिहावं, मग वळून बोलावं, ही सवय लावायला पैसे लागत नाहीत. मूल वाढतं तसा कानातला साचा सैल होतो, यंत्र शिट्टी मारायला लागतं, मग मूल ते काढून दप्तरात ठेवतं. नवा साचा आणि वेळेवर बॅटरी यांना मात्र पैसे लागतात, आणि ते देणं सरकारचं काम आहे. शिबिरात यंत्र देऊन पुढच्या वर्षापर्यंत विसरून जाणं याला आम्ही साहाय्य म्हणणार नाही. जे यंत्र आज सकाळी चालू आहे तेवढंच आम्ही मोजू.

डोळ्यांचंही असंच आहे. "याला यातून वजा केलं की हे येतं," असं म्हणत बाई फळ्यावर बोट फिरवतात तेव्हा दृष्टिहीन मुलाच्या पदरात काहीच पडत नाही. "बावन्नातून सतरा वजा केले की पस्तीस," असं म्हटलं तर तोही पाठात येतो. शिवाय मागे बसलेली, चष्म्याची गरज असूनही चष्मा नसलेली आणखी तीन-चार मुलंही येतात, ज्यांची नोंद कुठल्याच यादीत नसते. अंशतः दृष्टी असलेल्या मुलाला चकचकीत फळा वाचता येत नाही. उन्हाची तिरीप पडते आणि अक्षरं पुसल्यासारखी होतात. फळ्याला वर्षातून एकदा काळा मॅट रंग, जाड खडू, ठळक अक्षर, आणि मुलाला उठून फळ्यापर्यंत जायची कायमची परवानगी. ही परवानगी शिक्षकानं वर्गासमोर एकदा जाहीर केली की मुलाला रोज उठताना संकोच वाटत नाही.

आता अक्षरांकडे येऊ, कारण वाचता न येणाऱ्या मुलांची संख्या सगळ्यात मोठी आणि त्यांची ओळख सगळ्यात उशिरा. अध्ययन अक्षमतेवर आपल्याकडे जे शिकवलं जातं ते बहुतेक इंग्रजी लिपीवरून घेतलेलं आहे. 'बी' आणि 'डी' यांची अदलाबदल सगळ्यांना ठाऊक आहे. मराठी मूल कुठे अडखळतं? ते घ आणि ध मध्ये, भ आणि म मध्ये अडखळतं. ते ऱ्हस्व वेलांटीपाशी अडखळतं, कारण 'कि' म्हणताना आधी क ऐकू येतो आणि लिहिताना मात्र वेलांटी डावीकडे, आधी काढावी लागते. ते 'सूर्य' या शब्दापाशी थांबतं, कारण र चा उच्चार य च्या आधी होतो आणि तो लिहायचा मात्र य च्या डोक्यावर. या चुका आळशीपणाच्या नव्हेत. आपल्या लिपीच्या रचनेतून त्या येतात आणि म्हणूनच त्यांवर शिकवण्याचे उपायही आहेत. सारखी दिसणारी अक्षरं एकाच आठवड्यात शिकवू नयेत. ओल्या वाळूत, सॅन्डपेपरवर बोट फिरवून अक्षराची दिशा हातात बसू द्यावी. जोडाक्षर फोडून दाखवावं. आणि मोठ्यानं वाचायला अचानक उभं करू नये. कुठला परिच्छेद वाचायचा ते आदल्या दिवशी सांगावं. ही शेवटची गोष्ट कुठल्याही शिक्षकाला उद्यापासून करता येईल, आणि तिनं एका मुलाचं वर्ष बदलू शकतं.

आकड्यांचंही तेच. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात मंगला नारळीकर यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीनं संख्या 'वीस एक', 'साठ तीन' अशाही वाचण्याची पद्धत आणली तेव्हा महाराष्ट्रभर गदारोळ झाला. भाषा बुडाली, असं म्हटलं गेलं. त्या वादात गणितात अडखळणाऱ्या मुलाचं म्हणणं कोणी विचारलं नाही. 'त्रेसष्ट' ऐकताना तीन आधी येतो, लिहिताना सहा आधी लिहायचा असतो. 'एकोणसाठ' मध्ये तर ऐकू येतो साठ आणि लिहायचा असतो पाच. बहुतेक मुलं हा घाट चढून जातात. काही मुलं तिथेच वर्षानुवर्षं राहतात आणि त्यांच्यावर 'गणितात ढ' असा शिक्का बसतो. 'त्रेसष्ट' जायला नको, आम्हालाही तो शब्द प्रिय आहे. पण ज्या मुलाला 'साठ तीन' या पायरीवरून वर यायचं आहे त्याच्यासाठी ती पायरी वर्गात असली पाहिजे, त्यासोबत दशकाचे दांडे आणि सुटे मणी असले पाहिजेत, आणि ती पायरी वापरली म्हणून कोणी हसता कामा नये.

स्वमग्न मुलासाठी शाळेतला सगळ्यात अवघड वेळ बहुतेकदा परिपाठाचा असतो. कर्कश माईक, अचानक टाळ्या, रांगेत खेटून उभी मुलं. ते कानांवर हात ठेवतं, ओरडतं, पळतं. आणि दिवसाची पहिली नोंद 'त्रासदायक' अशी होते. तो दिवस तिथेच बिघडलेला असतो. माईकचा आवाज कमी करावा. मुलाला रांगेच्या टोकाला, मोकळ्या बाजूला उभं करावं. त्याला नको असेल तर वर्गात बसून ऐकू द्यावं. दिवसात काय काय होणार ते चित्रांनी भिंतीवर लावावं: परिपाठ, भाषा, सुट्टी, गणित, जेवण, खेळ. झालं की चित्र उलटं करायचं. बदल होणार असेल, पाहुणे येणार असतील, शिक्षक रजेवर असतील, तर ते आधी सांगायचं. पुढे काय येणार हे कळलं की भीती कमी होते. अशा भिंतीचा उपयोग पहिलीत नव्यानं आलेल्या प्रत्येक मुलाला होतो, हे आमच्यातल्या शिक्षकांनी पाहिलेलं आहे.

पण जागा, आवाज, चित्रं ही सगळी तयारी झाली. पाठाचं काय?

बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलाला आपण वर्गात काय देतो? रंगवायला एक चित्र. सगळे गणित करतात तेव्हा रंग, सगळे परिसर अभ्यास करतात तेव्हाही रंग. चौथीत रंग, सातवीतही तेच. याला आमचा सगळ्यात स्पष्ट विरोध आहे. वर्गात आठवडी बाजार हा पाठ चालू असेल तर सगळ्यांचा बाजारच असला पाहिजे. कोणी पावणेदोन किलो कांद्याचा हिशेब मनात करेल, कोणी वहीवर. एक मुलगी दहाची नोट आणि पाचचं नाणं ओळखून बाजूला काढेल, आणि हे तिचं त्या दिवसाचं गणित असेल, गंमत म्हणून दिलेलं काम नव्हे. ज्याला बोलता येत नाही तो मुलगा चित्रपाटीवर बोट ठेवून काय विकत घ्यायचं ते सांगेल आणि बाकीच्यांना त्याच्याशी घासाघीस करावी लागेल. पाठ एक, पायऱ्या वेगळ्या. प्रत्येक पायरीला उद्दिष्ट, प्रत्येक पायरीची तपासणी.

यासाठीच वैयक्तिक शिक्षण आराखडा असतो. तो आज कपाटातल्या फायलीत असतो, तपासणीच्या दिवशी बाहेर येतो आणि वर्गशिक्षकानं तो अनेकदा वाचलेलाही नसतो. आम्हाला त्यातलं एक वाक्य हवं आहे, या आठवड्याचं, वर्गशिक्षकाच्या टाचणवहीत. 'शनिवारपर्यंत विनया स्वतःहून पाणी मागेल.' 'शनिवारपर्यंत समीर दहापर्यंतचे मणी मोजून देईल.' इतकं साधं, आणि शनिवारी झालं की नाही ते सांगता येईल असं. (ही नावं आम्ही उदाहरणासाठी घेतली आहेत.)

तुम्ही म्हणाल, चाळीस मुलांच्या वर्गात एवढं कसं करायचं? प्रश्न रास्त आहे. शिक्षणहक्क कायद्यानं प्राथमिक वर्गात ३० मुलांमागे एक शिक्षक सांगितला आहे, आणि तो तिथे असलाच पाहिजे ही आमची मागणी आहे. निवडणूक, जनगणना, सर्वेक्षण आणि ऑनलाइन माहिती भरणं यांत तो हरवता कामा नये. पण आम्ही एक उलटी गोष्टही सांगतो. दोनशिक्षकी शाळेत चार इयत्ता सांभाळणारे गुरुजी हे काम रोजच करत असतात. पहिलीला मणी, दुसरीला वाचन, तिसरीला फळ्यावरचं उदाहरण, चौथीला गटचर्चा, आणि सगळं एका खोलीत. वेगळ्या पायरीवरच्या मुलांना एका वेळी शिकवण्याचं कौशल्य महाराष्ट्रात कुठे असेल तर वाडीवस्तीवरच्या बहुवर्ग शाळेत आहे. त्या शिक्षकांना तज्ज्ञांची भाषणं ऐकवण्याऐवजी त्यांचा वर्ग इतरांना दाखवा. आसपासच्या शाळांच्या केंद्राची शिक्षण परिषद अशा वर्गात भरू द्या.

म्हणूनच २० पेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करण्याच्या विचाराला आमचा विरोध आहे. धडधाकट मुलाला गाडीनं पाच किलोमीटर नेता येईल. कॅलिपर लावलेलं मूल, झटके येणारं मूल, अनोळखी जागेत घाबरणारं मूल त्या गाडीत बसणार नाही. ते घरी राहील आणि कागदावर मात्र समूह शाळेच्या पटावर दिसेल. या मुलांसाठी घरापासून हाकेच्या अंतरावरची बारा मुलांची शाळा ही राज्यातली सर्वांत चांगली शाळा असू शकते.

विशेष शिक्षकांबद्दल. सर्वोच्च न्यायालयानं ऑक्टोबर २०२१ मध्ये प्राथमिक स्तरावर १० विशेष गरजा असलेल्या मुलांमागे एक आणि त्यावरच्या स्तरावर १५ मुलांमागे एक विशेष शिक्षक असं प्रमाण सांगितलं. पदं निश्चित करून जाहीर करा, असं मार्च २०२५ मध्ये राज्यांना पुन्हा बजावावं लागलं. आपल्याकडे विशेष शिक्षक वर्षानुवर्षं करारावर, तुटपुंज्या मानधनावर, स्वतःच्या पेट्रोलनं गावं पालथी घालत राहिले. एका केंद्रात दहा-बारा शाळा धरल्या तर एका शाळेच्या वाट्याला पंधरवड्यातून एक दिवस येतो. त्या एका दिवशी ते येतात, मुलाला वर्गाबाहेर व्हरांड्यात घेऊन बसतात, तासभर शिकवतात आणि पुढच्या गावाला जातात. उरलेले दिवस मूल पुन्हा मागच्या बाकावर.

पदं भरा, कायम करा, प्रवासखर्च द्या, ही मागणी आम्ही सोडणार नाही. पण पद्धतही बदलली पाहिजे. विशेष शिक्षकाचा दिवस मुलापेक्षा वर्गशिक्षकासाठी अधिक मोलाचा आहे. दोघांनी मिळून पाठ घ्यावा. विशेष शिक्षकानं अर्धा तास पूर्ण वर्ग सांभाळावा आणि वर्गशिक्षकानं त्या वेळात त्या एका मुलाजवळ बसावं. मूल काय करतं, कुठे थांबतं, कशानं खुलतं, हे ज्यानं स्वतः पाहिलं त्याला पुढचे दिवस निभावता येतात. व्हरांड्यातल्या चटईवर शिकलेलं वर्गात येत नाही, कारण वर्गशिक्षकाला ते कधी दिसलेलंच नसतं.

सोबतच्या मुलांविषयी एक गोष्ट आग्रहानं सांगायची आहे. वर्गातली एखादी समजूतदार मुलगी (ती जवळजवळ नेहमी मुलगीच असते) दिव्यांग मुलीच्या शेजारी बसवली जाते आणि वर्षभर तिचं दप्तर भरणं, तिला स्वच्छतागृहात नेणं, तिच्या वहीत लिहून देणं हे तिचं काम होऊन बसतं. दोघींचंही शिक्षण त्यात जातं. सोबती दर आठवड्याला बदलावा. मदत करायची म्हणजे काय करायचं आणि काय करायचं नाही हे मुलांना शिकवावं. आणि दिव्यांग मुलालाही कोणाला तरी मदत करण्याची पाळी यावी: खडू वाटणं, रोप सांभाळणं, लहानांना गोष्ट सांगणं. सतत मदत घेणाऱ्याच्या जागेवर बसवलेलं मूल मोठं होत नाही.

आता इमारतीकडे येऊ. शाळेचा उतार बांधताना १ फूट उंचीला १२ फूट लांबी लागते. दोन फूट जोत्याला २४ फूट उतार हवा. आठ फुटांत बांधलेली घसरगुंडी चाकाच्या खुर्चीतल्या मुलाला पाडते. उतार वर्गाच्या दाराशी संपून स्वच्छतागृहापर्यंत जात नसेल तर तो अर्धा आहे. कित्येक दिव्यांग मुली शाळेत स्वच्छतागृहात जावं लागू नये म्हणून सकाळपासून पाणी पीत नाहीत. समग्र शिक्षा योजनेतून त्यांना महिना २०० रुपये विद्यावेतन मिळतं. त्या मुलीला विचारा, तिला आधी काय हवं आहे.

परीक्षेत महाराष्ट्र एके काळी पुढे होता. अध्ययन अक्षमता असलेल्या मुलांना परीक्षेत सवलती देण्याचा निर्णय आपल्या राज्यानं १९९६ साली घेतला, देशात सर्वांच्या आधी. आज तासाला २० मिनिटं जादा मिळतात, लेखनिक मिळतो. पण दहावीच्या हॉलमध्ये पहिल्यांदाच लेखनिक भेटलेल्या मुलाला त्याच्याकडून उत्तर कसं लिहून घ्यायचं हेच माहीत नसतं. तोंडी उत्तर रचणं हे वेगळं कौशल्य आहे; पाचवीपासून घटक चाचणीत ते करू दिलं तरच दहावीत उपयोगी पडतं. आणि बीजगणित-भूमिती सोडून खालच्या इयत्तेचं अंकगणित घ्यायची वाट सुचवण्याआधी पालकांना पुढे कोणती दारं बंद होतात ते सांगितलं पाहिजे. सवलत ही शिकवण्याऐवजी दिलेली सूट ठरू नये. प्रमाणपत्र सवलतीसाठी लागतं. समजेल असं शिकवण्यासाठी कुठलंच प्रमाणपत्र लागत नाही. जिल्हा रुग्णालयाची तारीख मिळेपर्यंत मुलाला थांबवून ठेवू नका.

आता आमच्यातच जिथे सर्वाधिक चर्चा झाली तिथे येतो. विशेष शाळा बंद करून सगळी मुलं नेहमीच्या शाळेत घालावीत का? आमचं उत्तर नाही असं आहे. मुंबईत १८८५ साली कर्णबधिरांची शाळा निघाली, १९०० साली अॅना मिलार्ड यांनी दृष्टिहीन मुलांसाठी शाळा काढली, १९४४ साली जय वकील शाळा सुरू झाली. ब्रेलची पाटी आणि सुई धरायला कसं शिकवावं, अबॅकसवर बेरीज कशी करावी, जेवणाचा घास स्वतः घ्यायला मुलाला कसं तयार करावं, हे शहाणपण या शाळांच्या भिंतींत मुरलेलं आहे. ते तालुक्याच्या शाळांपर्यंत चालत आलं पाहिजे. विशेष शाळांनी आपली दारं शिक्षकांसाठी उघडावीत, सरकारनं त्यांना साधनकेंद्र म्हणून पैसा द्यावा.

कर्णबधिर मुलांचा प्रश्न त्याहून खोल आहे. जिथे कोणालाच खुणांची भाषा येत नाही अशा वर्गात एकट्या कर्णबधिर मुलाला बसवणं याला समावेशन म्हणणं आम्हाला मान्य नाही. भाषा माणसांमध्ये वाढते. त्याला त्याच्या भाषेत बोलणारी मुलं हवीत, कर्णबधिर मोठी माणसं शिक्षक म्हणून दिसायला हवीत. आपल्याकडे अनेक पिढ्या केवळ बोलायला शिकवण्याचा हट्ट चालला आणि मुलांचे हात खाली धरले गेले. ज्यांचे हात धरले गेले ते आज आमच्यात आहेत. एका भागातल्या कर्णबधिर मुलांना एका शाळेत एकत्र आणावं, तिथे भारतीय सांकेतिक भाषा येणारा शिक्षक असावा, आणि ऐकू येणाऱ्या वर्गमित्रांनीही ती भाषा शिकावी, अशी आमची भूमिका आहे.

२०१२ च्या दुरुस्तीनं तीव्र आणि बहुविध दिव्यांगत्व असलेल्या मुलांना घरी शिकण्याचा पर्याय दिला. काही मुलांना तो खरोखर लागतो. पण तो पर्याय मुलाचा आणि पालकांचा आहे. शाळेनं "याला घरीच ठेवा, आम्ही नोंद करतो" असं सांगून तो वापरायचा नाही. घरी शिकणाऱ्या मुलाकडे शिक्षक आठवड्याला गेला पाहिजे, त्याचे वर्गमित्र त्याला नावानं ओळखत असले पाहिजेत, आणि दरवर्षी जूनमध्ये पुन्हा विचारलं पाहिजे: यंदा शाळेत येतोस का?

ऊसतोडीला जाणाऱ्या घरांतली मुलं या सगळ्यातून निसटतात. दिवाळीनंतर टोळी निघते, बहीणभाऊ हंगामी वसतिगृहात राहतात. दिव्यांग मुलाला तिथे सांभाळायला कोणी नसतं म्हणून ते आईबरोबर फडावर जातं किंवा थकलेल्या आजीजवळ राहतं. सहा महिन्यांत जमलेलं पुढच्या सहा महिन्यांत जातं. हंगामी वसतिगृहात या मुलांसाठी मदतनीस नेमा, आणि साखर कारखान्याच्या परिसरातल्या शाळेला मुलासोबत त्याचा आराखडाही पाठवा.

२००७ साली आलेल्या 'तारे ज़मीन पर' मधल्या निकुंभ सरांनी घरोघरी डोळे उघडले, त्याचं मोल आम्ही जाणतो. पण त्या चित्रपटानंतर प्रत्येक आई एका निकुंभ सरांची वाट पाहू लागली. असे सर दैवानं मिळतात आणि बदली झाली की जातात. मुलाचं शिक्षण एका माणसाच्या चांगुलपणावर ठेवता येणार नाही. नवे शिक्षक सोमवारी रुजू झाले आणि मंगळवारी त्या मुलाचा पाठ कालच्या जागेवरून पुढे गेला, अशी व्यवस्था आम्हाला हवी आहे.

आम्ही स्वतःला काय बांधून घेतो तेही सांगतो. आमच्यातले पालक मुलाचा गृहपाठ स्वतः लिहून देणार नाहीत, आणि शिक्का बसेल या भीतीनं तपासणी लांबवणार नाहीत. आमच्यातले शिक्षक रोज एका तासाची नोंद ठेवतील: त्या तासाला त्या मुलानं काय केलं, एका ओळीत. आमच्या कुठल्याही कार्यक्रमात मुलांना मंचावर उभं करून साहित्य वाटलं जाणार नाही, त्यांचे फोटो निघणार नाहीत. चळवळीत यायला वर्गणी नाही. जवळच्या शाळेत शिक्षकांच्या परवानगीनं एक पूर्ण तास मागे बसावं, जे पाहिलं ते लिहून आणावं. शिक्षकाला दोष देण्यासाठी लिहू नये, त्याला काय कमी पडलं ते लिहावं. तोच आमचा सभासद अर्ज.

पहिलं काम ठरलेलं आहे. येत्या १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत आमचे सभासद आपापल्या गावी तीन गोष्टी मांडतील. शाळेत न येणाऱ्या दिव्यांग मुलांची नावं वाचून दाखवावीत आणि प्रत्येकाच्या घरी कोण जाणार ते तिथेच ठरावं. शाळा व्यवस्थापन समितीत अशा मुलाच्या पालकाला जागा द्यावी. आणि ग्रामपंचायतीनं स्वउत्पन्नाचा जो ५ टक्के भाग दिव्यांगांसाठी खर्चायचा असतो त्यातून शाळेचा उतार आणि स्वच्छतागृह दिवाळीच्या सुट्टीआधी नीट करावं. ठराव इतिवृत्तात लिहून घेतला जाईल, त्याची प्रत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे जाईल, आणि २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत त्याच ठरावाचा हिशेब मागितला जाईल.